हरिणीमागे तादेओ

इटलीतल्या फेराराच्या दरबारात तादेओ गायचा आणि मी शेजारी बसून बासरी वाजवायचो. त्याचं इझोत्ताबाईसाहेबांवर प्रेम होतं. त्यांचं त्याच्यावर नव्हतं. पण त्याचीही त्याला फारशी अडचण नसावी, कारण त्याची सगळी गाणी त्यावरच चालायची. प्रत्येक गाण्यात बाईसाहेब हरिणी आणि हा शिकारी. हरिणी पळायची, हा घायाळ काळजानं मागे धावायचा.

एकदा जेवणं झाल्यावर बाईसाहेबांनी त्याला कडव्याच्या मध्येच थांबवलं.

"तादेओ, तू कधी शिकारीला गेलायस?"

"बाईसाहेब, मी रोज तुमच्यामागे..."

"ते नाही रे. खऱ्या शिकारीला. कुत्री, घोडे, चिखल."

बाईसाहेब स्वतः पट्टीच्या शिकारी.

"उद्या ये. आणि ते मखमली जोडे घालू नकोस."

तो मखमली जोडेच घालून आला. दुसरे होते कुठे त्याच्याकडे? त्याला धीर द्यायला मीही गेलो.

पो नदीकाठच्या रानात घोड्यानं त्याला ओढ्यात आपटलं. एक जोडा तिथेच रुतला. लंगडत तो झाडी ओलांडतो, मागोमाग मी, तर समोर हरिणी. तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या हलताहेत. मागून कुत्री जवळ येत होती.

"मार की!" मी कुजबुजलो.

त्यानं बाईसाहेबांनी दिलेलं धनुष्य टाकलं आणि हात हलवत ओरडला, "पळ बाई, पळ!"

ती नदीत उतरली आणि पार पलीकडे गेली.

तेवढ्यात बाईसाहेब पोचल्या. "सकाळपासूनची मेहनत वाया! काय केलंस हे?"

"ती फार घाबरली होती हो."

"मग तुझ्या गाण्यात ती काय करत असते?"

तादेओ चिखलातच बसला. "मला वाटायचं, लाजत असते."

बाईसाहेब इतक्या हसल्या की त्यांना घोड्यावरून उतरावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मी तुला घाबरत नाही, ती काळजी सोड. पण माझं मन तुझ्यावर कधीच बसणार नाही. ऐकलंस?"

"ऐकलं." त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पुढच्या मेजवानीला त्यानं नवं गाणं म्हटलं. शिकारी आपटतो, कुत्री त्याच्यावरच भुंकतात, हरिणी आपल्या वाटेनं जाते. भुंकायचं काम बाईसाहेबांनी मागून घेतलं. पहिल्याच भुंकण्याला बिशपसाहेबांच्या मांडीवर रस्सा सांडला.

नंतर स्वयंपाकघरात तादेओ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मग रानडुकराचं मटण मागितलं, आणि पुन्हा मागितलं.