खांबावरचा दिवा

रेडिओ दोन दिवस नुसता खरखरत होता, आणि लीटियाच्या सासूनं, ऊलीपीकानं, त्याचं खापर आभाळावर फोडून टाकलं होतं.

"वर तो हिरवा उजेड नाचतोय ना, त्याचे हे चाळे," ऊलीपीका चहा ओतत म्हणाली. "माझ्या लग्नापासून बघतेय. उजेड दमला की रेडिओही गप्प बसेल."

थंडीत आभाळात हिरवा उजेड नाचतो आणि रेडिओला त्रास देतो, हे ध्रुवाजवळच्या त्या बर्फाळ किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे दुसरं कारण शोधायला कुणी गेलंच नाही. खरं तर ढग एवढे खाली उतरले होते की वर काही नाचत असतं तरी दिसलं नसतं. पण तिथल्या माणसांना एकदा ओळखीचं कारण सापडलं की ती खिडकीपर्यंत जायचेही कष्ट घेत नाहीत.

लीटियाचा नवरा जोआनसी परवा आखातापलीकडे कॅरिबूंच्या, म्हणजे रानटी रेनडिअरांच्या शिकारीला गेला होता. बर्फावरची स्कूटर, मागे घसरगाडी, आणि गाडीत हा असाच एक रेडिओ. स्कूटर थांबवायची, दोन काठ्या रोवून बर्फावर वायर ताणायची, मग बोलायचं आणि ऐकायचं. वायर गुंडाळून निघालं की माणूस पुन्हा मुका आणि बहिरा.

गेल्या हिवाळ्यात तो उडत्या बर्फात वाट चुकला, गावाच्या हाकेच्या अंतरावरून पुढे निघून गेला आणि रात्रभर स्कूटरच्या आडोशाला पडून राहिला. पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून लीटियाच्या डोक्यात एकच घोळत होतं. शेवटी तिनं विमानानं एक मोठा एलईडी दिवा मागवला. वीज खाणार चिमूटभर, दिसणार अख्ख्या आखातावरून. जोआनसीची पाठ वळताच ती छपरावर चढली आणि रेडिओची तार ज्या खांबाला बांधली होती त्याच खांबाच्या टोकाला तिनं दिवा आवळला. घरात त्याहून उंच जागाच नव्हती.

"आता सीलसुद्धा जेवायला येतील आपल्याकडे," सासूबाईंनी टोमणा मारला होता. पण त्याच संध्याकाळी त्या तीनदा बाहेर जाऊन दिवा बघून आल्या, हे लीटियानं पाहिलं होतं.

दुपारी बोलायच्या वेळेला ती खरखरीतच ओरडली होती, "खांबावर दिवा लावलाय! आखात ओलांडताना दिव्याकडे तोंड कर आणि सरळ ये!" उत्तर ऐकू आलं नाही. त्याला तरी ऐकू गेलं का, कोण जाणे.

त्यानंतर वारा फिरला, आणि शेजारचा आकीशू दार ढकलून आत आला. गावात कुणी हरवलं की शोधायला जाणारा हाच. एरवी आल्या आल्या तो बॅनकच्या, म्हणजे तव्यावरच्या जाड रोट्यांच्या टोपलीत हात घालायचा. आज त्यानं टोपीही काढली नाही.

"घरांसमोरचा बर्फ तुटून वाहत गेला," तो म्हणाला. "काळ्या खडकाच्या जरा अलीकडपर्यंत नुसतं पाणी आहे. जोआनसीला सांगा, सरळ येऊ नकोस. आखाताच्या टोकावरून वळसा घाल."

 सरळ ये म्हणून लीटियानंच सांगितलं होतं.

"मी टोकावरून निघतो," आकीशू म्हणाला, "पण मला खडकापाशी पोचायला वेळ लागणार. तोवर त्याला थांबवा."

तो गेला. लीटियानं रेडिओचं बटण दाबलं. "जोआनसी, समोर पाणी आहे. सरळ येऊ नकोस." बटण सोडलं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडत राहावं तसा चर्र आवाज. पुन्हा दाबलं, पुन्हा सांगितलं.  तो ऐकतोय की वायर गुंडाळून स्कूटरवर बसलाय, काही म्हणजे काही कळायला मार्ग नव्हता.

इतक्यात गावाच्या जनरेटरनं आचका दिला. सगळ्या घरांचे दिवे गेले, खांबावरचाही गेला. रेडिओ तेवढा आपल्या बॅटरीवर चालू राहिला. आणि खरखर एकदम तुटली. त्या शांततेत जोआनसीचा आवाज आला, चुलीशेजारी बसून बोलावं इतका स्वच्छ.

"...दिवा काय झकास दिसतोय गं! आता वायर गुंडाळतो आणि..."

वीज आली. घर उजळलं, आणि तवा पुन्हा चरचरायला लागला.

 मग ऊलीपीकानं खिडकीतून खांबाकडे पाहिलं. तार आणि दिवा, दोन्ही एकाच टोकाला बांधलेले.

"आभाळाचा दोष नव्हता, या दिव्याचेच चाळे," ती हळूच म्हणाली.

लीटिया दारापाशी गेली. दिव्याचं बटण तिथं होतं. त्यावर हात ठेवून ती थांबली. तो या क्षणी त्याच दिव्याकडे बघत होता. अंधारात त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. गेल्या वर्षीची काळी पडलेली बोटं तिनं स्वतःच्या हातानं पुसली होती.

"आई, दिवा घालवला आणि तो चुकला तर?"

"दिवा तुझा आहे," सासू म्हणाली. "पण तो वायर गुंडाळतोय."

लीटियानं डोळे मिटले आणि बटण बंद केलं.

"...गेला की दिवा!" रेडिओतून आवाज आला. "पुन्हा वीज गेली का? असू दे, दिशा पक्की आहे माझी."

लीटियानं रेडिओवर झडप घातली. "जोआनसी, निघू नकोस! समोर पाणी आहे! बर्फ तुटलाय!"

"कुणी सांगितलं?"

"आकीशूनं."

तो हसला. "आकीशूला बादलीतसुद्धा समुद्र दिसतो! अगं, परवा तिथूनच गेलो मी. हातभर जाड बर्फ आहे."

"परवा होता! तू आहेस कुठं?"

"काळ्या खडकापाशी. आलोच समज. टोकावरून वळसा घातला तर पेट्रोल पुरायचं नाही, आणि माझे हात बधिर झालेत. दुपारी तूच म्हणालीस ना, दिव्याकडे तोंड कर आणि सरळ ये?"

म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. दुपारपासून तो तिच्या शब्दावर चालत होता.

"म्हणाले होते. चुकलं माझं. थांब ना रे."

"तू घाबरतेस फार. चहा टाक, वायर काढतो."

लीटियाला रडू फुटलं. मागे वळून पाहते तो सासूबाई जागेवर नाहीत. त्या आतल्या खोलीतून येत होत्या, कडेवर चार वर्षांची कनायुक, अर्धवट झोपेतली आणि भयंकर चिडलेली.

कनायुकला तिच्या वारलेल्या आजोबांचं, म्हणजे जोआनसीच्या वडिलांचं नाव दिलं होतं. तिकडे नाव दिलं की नुसतं नाव देत नाहीत, माणूसच परत येतो. म्हणून जोआनसी स्वतःच्या मुलीला बाबा म्हणायचा, लीटिया पोटच्या पोरीला मामंजी म्हणायची, आणि ऊलीपीका नातीला अहो-जाहो करायची. म्हातारा कनायुक बर्फ ओळखण्यात गावात एक नंबर होता. त्यानं थांब म्हटलं की कुत्रीसुद्धा थांबत.

"अहो," ऊलीपीका नातीला म्हणाली, "तुमचा मुलगा ऐकत नाहीये. समोर पाणी आहे. तुम्ही सांगा त्याला."

लीटियानं रेडिओवर बोलायचं यंत्र बटण दाबून तिच्या तोंडापाशी धरलं. पोर गप्प. बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं ऐकू येत नाही. त्यानं तेवढ्यात वायर काढली असेल तर? 

"मामंजी," लीटिया कशीबशी म्हणाली, "बोला ना."

कनायुकनं डोळे चोळले. मग आईच्या हातातून ते यंत्र ओढून घेत ती कडाडली, "जोआनसी! तिथं पाणी आहे. मी सांगतेय ना! बस खाली!"

लीटियानं बटण सोडलं.

काहीच आवाज नाही. आता खरखरही नव्हती, म्हणून ती शांतता जास्तच भयंकर वाटली.  लीटियानं मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या, विनवण्या केल्या, पुन्हा शिव्या दिल्या.

"बरं, बाबा," जोआनसीचा आवाज आला. त्यात हसू उरलं नव्हतं. "खडकाआड बसतो."

त्यानंतर खांबावरचा दिवा कुणी लावला नाही. लीटिया रेडिओपाशीच बसून राहिली आणि काहीबाही बोलत राहिली, त्याला झोप लागू नये म्हणून. थंडीनं त्याच्या बॅटरीचा जीव कमी कमी होत गेला, आवाज बारीक झाला, मग बंद पडला. तरी ती बोलतच होती.

आकीशूनं त्याला टोकावरून आणून दारात उभं केलं तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फाचे खडे लटकत होते. तो लीटियाकडे बघायचं टाळत होता.

"बसलो, पण मन मानेना," तो पुटपुटला. "म्हणून काठीनं ठोकत जरासं चालून बघितलं. थोड्या पावलांवर बर्फ संपला. पाण्यातून वाफ निघत होती. स्कूटरला ब्रेक लावायलाही जागा नव्हती."

लीटियानं त्याला झाडायचं ठरवलं होतं. शब्द पाठही केले होते. त्यातला एकही आठवेना. तिनं त्याचे गार हात आपल्या पोटाशी, स्वेटरच्या आत ओढून घेतले आणि ती ओक्साबोक्शी रडली.

ऊलीपीका आतल्या खोलीत गेली. पांघरुणात गुरफटलेल्या नातीपाशी वाकून तिनं हलकेच तिच्या पायाला हात लावला.

"अहो, उठा," ती म्हणाली. "मुलगा घरी आला तुमचा."