नऊ वॅटवर मंगळवेढा

बेगमपूरच्या पुलावर गाडी पुन्हा बंद पडली.

भीमेचं पात्र निम्मं ओलांडून झालं होतं, मागे बावीस उतारू बसलेले, आणि समोर एकदम काळोख. धोंडीरामने दोन्ही अंगठे उचलले. हातातलं यंत्र तापून तवा झालं होतं. आता ती गाडी काही खरी नव्हती आणि पूलही खरा नव्हता, पण बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला पुलाच्या मधोमध गाडी बंद पडल्यावर काय वाटतं, ते त्यालाच ठाऊक. त्याला घाम फुटला तो मात्र खरा होता.

"पडली का बंद?" स्वयंपाकघरातून सोनाबाईने विचारलं.

"पडली."

"मग उतरा की खाली. ढकला."

धोंडीरामने बायकोच्या बोलण्याकडे काणाडोळा केला आणि यंत्र कूलरसमोर धरलं. शाळेतल्या पाटीएवढा, हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर होता तो. मधे पडदा, दोन्ही अंगांना बटणं. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने, ऋतुजाने, स्वतः वापरून जुना झालेला आणून दिला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बापाला घरात करमेना, दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे दोष काढत बसायचा, म्हणून. त्यात बस चालवायचा एक जुना खेळ होता आणि मोहोळकडच्या कुणा हौशी माणसाने त्या खेळासाठी सोलापूर-मंगळवेढा रस्ता बनवून ठेवला होता. तांबडी गाडी, तिऱ्ह्याचा पूल, कामतीचा फाटा, माचणूरचं वळण, सगळं होतं. फक्त ते स्वप्नात दिसावं तसं होतं. झाडं जमिनीपासून वीतभर वर तरंगायची. कामतीच्या हॉटेलाला पाटी होती, दार नव्हतं. तिऱ्ह्याला गाडीत चढणाऱ्या चार बायकांना एकच चेहरा होता, आणि धोंडीरामला शपथेवर वाटायचं की ती बाई आपण कुठेतरी पाहिली आहे.

हा सगळा खटाटोप ईश्वरप्पासाठी होता.

ईश्वरप्पा त्याचा कंडक्टर, त्याचा मास्तर. मैंदर्गीचा माणूस, कानडी घरातला. दोघांनी सव्वीस वर्षं एका गाडीवर काढली. एवढा सहवास धोंडीरामला सोनाबाईचाही नव्हता, असं सोनाबाईच म्हणायची. शेवटची पाच वर्षं दोघं मंगळवेढ्याच्या मुक्कामी गाडीवर होते. ईश्वरप्पाची निवृत्ती आली एकतीस मार्च दोन हजार वीसला. त्याआधी आठ दिवस टाळेबंदी लागली आणि गाड्या आगारात उभ्या राहिल्या. हार नाही, नारळ नाही, निरोपाचा चहा नाही. शेवटची फेरी तर नाहीच नाही. "राहिली बघ एक फेरी," असं तो पुढे दोन वर्षं हसत हसत सांगायचा. मग त्याचं डोकं विसरायला लागलं. आधी नावं गेली, मग माणसं गेली. राहिलं ते एवढंच, की रोज दुपारी जेवण झालं की तो खाटेवर ताठ बसायचा आणि बायकोला विचारायचा, "गाडी लागली का?"

निंगव्वा म्हणायची, "लागंल की. पडा जरा." रोज. दोन वर्षं रोज.

आता हुबळीचा मुलगा दोघांना कायमचं न्यायला येणार होता. रविवारी. आणि आज बुधवार होता. धोंडीरामच्या मनाने घेतलं होतं की हा माणूस सोलापूर सोडण्याआधी त्याची राहिलेली फेरी झाली पाहिजे. खरी गाडी कोण देणार? तर ही.

पहिले दोन दिवस खेळ सुरूच झाला नव्हता. ऋतुजाने फोनवर समजावलं, "आबा, खेळ एका भाषेत लिहिलाय, मशीनला दुसरीच येते. मधे दुभाषी लागतो. मशीनमधे चार-पाच दुभाषी असतात, एकेक लावून बघा."

हे धोंडीरामला लगेच कळलं. अक्कलकोटच्या पुढं गाडी गेली की उतारू कानडीत बोलायचे, आणि वैरागच्या धोंडीरामला एक अक्षर उमजायचं नाही. तेव्हा मागून ईश्वरप्पाच सांगायचा, म्हातारी काय म्हणते, कुठं उतरायचंय, का भांडते. धोंडीरामने सगळ्यात नवा दुभाषी लावला, खेळ उघडलाच नाही. दुसरा लावला, आवाज आला पण चित्र नाही. शेवटी तळातला, सगळ्यात जुना लावला आणि तांबडी गाडी सोलापूर स्टँडवर येऊन उभी राहिली.

"जुनाच कामाला आला," तो सोनाबाईला म्हणाला.

"येतोच," सोनाबाई म्हणाली.

आता अडचण होती ती तापण्याची. बुधवारी संध्याकाळी त्याने परत लेकीला फोन लावला.

"आबा, पंधरा वॅटवर कशाला ठेवलंय? तापणारच की. मशीनला किती करंट ओढू द्यायचा ते आपण ठरवायचं. जास्त दिला की चित्र झकास, पण बॅटरी खपाखप उतरते. कमी दिला की..."

"डिझेल हाय की हे," धोंडीराम म्हणाला.

"काय?"

"काय न्हाय. पाय हलका ठेवायचा, एवढंच."

आगारात दर महिन्याला फळ्यावर लागायचं, कोणत्या ड्रायव्हरने दहा लिटरला किती किलोमीटर काढले. त्या फळ्यावर धोंडीरामचं नाव वर्षानुवर्षं पहिलं होतं. उतार कुठं सुरू होतो, गिअर कधी टाकायचा, कुठं नुसतं सोडून द्यायचं, हे त्याच्या तळपायाला माहीत होतं. तोच तळपाय आता अंगठ्यात आला. गुरुवारची दुपार, शुक्रवारची दुपार, पडदे ओढून, बाहेर ऊन रटरटत असताना तो त्या रस्त्यावर फिरत राहिला. बारा वॅट केले, अकरा केले, दहा केले. सहावर गाडी पुलावर अडखळायला लागली. नऊवर नीट चालली. चित्रं सेकंदाला साठ दिसायची, ती तीस केली. मग एकेक गोष्ट काढत गेला. सावल्या काढल्या. ढग काढले. भीमेचं पाणी हलायचं थांबवलं. समोरून येणारे उसाचे ट्रॅक्टर काढून टाकले, त्याचं तर बरंच वाटलं.

शेवटी राहिले उतारू. ते काढले तर मशीन आणखी थंड चालेल, बॅटरी दहा मिनिटं जास्त पुरेल, असं ऋतुजा म्हणाली.

"ते न्हाय काढायचे," धोंडीराम म्हणाला. "रिकाम्या गाडीत मास्तर काय करंल?"

त्या दोन दुपारी अशा गेल्या की आपण जागे आहोत की झोपलोय, हे त्याचं त्यालाच कळेना. बिनसावलीच्या रस्त्यावरून बिनसावलीची गाडी जात होती. कूलरचा आवाज इंजिनाचा वाटायचा. मधेच डोळा लागायचा आणि तरी हात गाडी चालवत असायचे. जाग यायची तेव्हा गाडी माचणूरजवळ असायची, आणि मागच्या सीटवर कुणीतरी खाकीतलं उभं आहे असं वाटायचं. त्याला फार बरं वाटायचं.

हिशेब असा बसला. पूर्ण भरलेली बॅटरी नऊ वॅटवर एक तास वीस मिनिटं. मंगळवेढा एक तास पंधरा मिनिटं. चार्जर लावून खेळलं तर मशीन तापून बंद. मधे झोपवून ठेवलं तर हा जुना खेळ परत उठायचाच नाही. म्हणजे हातात पाच मिनिटं. ड्रायव्हरला पाच मिनिटं पुष्कळ झाली.

शनिवारी जेवण होताच त्याने ट्रंकेतला खाकी शर्ट काढला. बघतो तर त्याला आधीच इस्त्री केलेली. सोनाबाई पाठमोरी भांडी घासत होती. पोटावरचं बटण लागेना, ते तसंच सोडून तो रिक्षाने अक्कलकोट रस्त्याला गेला.

"बर्री, या," निंगव्वाने दार उघडलं. घरात बांधाबांध झाली होती. भिंतीवरच्या फोटोंच्या जागी पांढरे चौकोन राहिले होते. ईश्वरप्पा लोखंडी खाटेवर ताठ बसला होता. हातात जुना तिकिटाचा पंच. मशीनची तिकिटं आल्यावरही त्याने तो सोडला नव्हता. बेलची दोरी तुटलेली असली की त्याच पंचाने तो गाडीच्या दांड्यावर ठोकायचा.

"गाडी लागली का?" त्याने विचारलं.

"लागली, मास्तर," धोंडीराम म्हणाला.

त्याने खुर्ची खाटेसमोर ओढली, पाठ ईश्वरप्पाकडे केली आणि यंत्र असं धरलं की खांद्यावरून त्याला दिसावं. पडद्यावर सोलापूर स्टँड उजळलं. उतारू चढले. दार लागलं. इंजिन सुरू झालं. आणि धोंडीराम थांबला.

गाडी हलवायची डबल बेल झाली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, काय हा माणूस. पण ऐका. फार वर्षांपूर्वी, नवीन असताना, मोहोळच्या स्टँडवर धोंडीरामने घाईत बेलची वाट न बघता गाडी हलवली होती. एका म्हातारीचा पाय पायरीवरच होता. ती पडली, मांडीचं हाड मोडलं. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा ईश्वरप्पा पुढे झाला आणि म्हणाला, "बेल मीच दिली, साहेब. चूक माझी." धोंडीराम तोंड मिटून उभा राहिला. शिक्षा ईश्वरप्पाने घेतली. त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि धोंडीरामने बेल झाल्याशिवाय पुन्हा कधी पहिला गिअर टाकला नाही. आज तर मुळीच टाकणार नव्हता.

ईश्वरप्पा पडद्याकडे बघत होता. बघता बघता त्याची नजर खिडकीकडे गेली.

पाच मिनिटं गेली. मंगळवेढा हातचं गेलं. आता ब्रह्मपुरीपर्यंत जाता येईल, धोंडीरामने मनात मोजलं. मग माचणूर. मग बेगमपूर.

"तुमीच चालू करा की, भाऊ," निंगव्वा हळूच म्हणाली. "त्यांना कुटं कळतंय आता."

"कळतंय की," धोंडीराम म्हणाला.

खेळातलं इंजिन घुरघुरत राहिलं. पंख्याखाली ईश्वरप्पाची मान खाली गेली, वर आली. उतारू मुकाट बसून होते. बॅटरी कामतीपुरती राहिली. मग तिऱ्ह्यापुरती. मग देगावच्या नाक्यापर्यंतसुद्धा पुरणार नाही इतकी. धोंडीरामच्या मानेला रग लागली. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते सांगता येत नव्हतं. पडद्यावर लाल खूण लुकलुकली आणि स्टँड, उतारू, तांबडी गाडी, सगळं विझलं.

काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि मागे ईश्वरप्पाचा. तो तसाच बसून राहिला.

आणि मागून खाटेच्या दांड्यावर लोखंड वाजलं.

ठण्. ठण्.

"नडी," ईश्वरप्पा म्हणाला. चल. सव्वीस वर्षं तो असाच म्हणायचा.

धोंडीरामने विझलेल्या यंत्रावर अंगठे ठेवले. क्लच दाबला. पहिला टाकला. गाडी स्टँडातून बाहेर काढली, उजवीकडे घेतली, देगावच्या नाक्याला दुसऱ्यावर आणली. पडद्यावर काही नव्हतं, आणि त्याची काही गरजही नव्हती. सावल्या परत आल्या. ढग आले. उसाचा ट्रॅक्टर समोरून आला, त्याला धोंडीरामने तोंडाने हॉर्न दिला.

"तिऱ्हे आलं, मास्तर."

ठण्. थांबला. चार बायका चढल्या असाव्यात. ठण्, ठण्.

"कामती कोण हाय?" ईश्वरप्पाने भरल्या गाडीत विचारावं तसं विचारलं. "पुढं सरका. मागं जागा हाय."

निंगव्वाने पदर तोंडाला लावला आणि ती दारापाशी खाली बसली. बेगमपूरच्या पुलावर धोंडीरामने पाय हलका ठेवला. भीमेचं पाणी हलत होतं. माचणूर मागे गेलं, ब्रह्मपुरी गेली, आणि मंगळवेढ्याची ज्वारीची रानं दोन्ही अंगांना लागली. उन्हं खिडकीतून खाटेवर आली होती.

"मंगळवेढा आलं, मास्तर," तो म्हणाला.

बेल झाली नाही. मागे ईश्वरप्पा झोपला होता. बसल्या बसल्याच त्याची पाठ भिंतीला टेकली होती, पंच मुठीत होता आणि श्वास संथ चालला होता.

निंगव्वा चहा घेऊन आली आणि कप पुढे करून म्हणाली, "झालं न्हवं का, भाऊ?"

धोंडीरामने वळून पाहिलं नाही. समोर बघतच त्याने मान हलवली. थांबायची एक बेल अजून व्हायची होती, म्हणून तो मंगळवेढ्याच्या स्टँडवरून गाडी तशीच सावकाश पुढे घेऊन गेला.