संकल्प विमलचा, पोट सुरभीचं

आषाढी एकादशीला माझ्या धाकट्या जावेनं, विमलनं, देवळात हातावर पाणी घेऊन साऱ्या घराचा संकल्प सोडला. कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य. साऱ्या घरात सून आली अन् सुनेचं पोटही आलं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

विमलची सून सुरभी, पहिलटकरीण. केळापूरजवळच्या आमच्या गावात आम्हा दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे सगळं कानावर येतं. पोरीचं रक्त कमी. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी बद्धकोष्ठ झालं. संडासात बसून घामाघूम व्हायची, रडायची. शेवटी तिनं गोळ्याच सोडल्या. रक्त आणखी उतरलं.

पांढरकवड्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारून विचारून कारण काढलं अन् फायबरची पावडर दिली. थोडी थोडी वाढवायची, पाणी भरपूर प्यायचं, गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. सुरभी बिचकली तशी बाई समजावून म्हणाल्या, "भिऊ नको. कांद्या-लसणात असतं तेच आहे हे. आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाणं."

तिचा नवरा अमर भोळा. घरी येऊन त्यानं शब्दन् शब्द आईला सांगितला. पावडरचा डबा त्याच दिवशी गोठ्याच्या कोनाड्यात गेला.

मला कळलं ते कीर्तनात. महाराज रंगात आले होते अन् सुरभी माझ्या शेजारी वाकून बसली होती. "मोठ्याई, मले बसवत नाई वो," म्हणत तिनं डब्याची गोष्ट सांगितली. पलीकडून विमल म्हणाली, "बस चुपचाप. पोटातलं लेकरू आयकून राह्यलं."

कीर्तन माझा जीव की प्राण, पण त्या दिवशी एक शब्द कानात शिरला नाही. आरती झाली तशी कपाळावरचा बुक्का घेऊन थेट विमलच्या घरी गेले.

"डबा कुठी हाये?"

"त्यात कांदा हाये, मोठ्याबाई. माह्या चुलीपाशी येनार नाई."

"कोनं चिरला?"

"कांद्यात असते तेच हाये म्हन्ते डॉक्टरीन."

"कांद्यात पानीबी असते. सोड मंग पानी."

"तुमी एवढ्या कीर्तनाच्या, अन् असं बोलता?"

"कीर्तनाची हावो म्हनूनच बोलतो. हातावर पानी तू घेतलं, कुंथून राह्यली ते पोरगी. दुसऱ्याच्या पोटावर कायचं पुन्य कमावतं?"

"सून काय परकी हाये?"

"घरची हाये तं तिचं औषध गोठ्यात काहून?"

विमलचे डोळे भरले. "नातवासाठीच धरलं ना मी."

"मंग नातवाच्या मायले रक्त नको?"

गोठ्यात जाऊन मीच डबा आणला अन् सुरभीचा हात धरला. "व्रत तुह्या चुलीचं. हे पोरगी आता माह्या घरी जेवनार."

मग माझ्या घरी ताकात पावडर, ज्वारीची भाकर, कांदा घालून आमटी, अन् सारखं पाणी. हळूहळू पोट सुटायला लागलं.

पुढच्या एका कीर्तनात ऐन रंगात सुरभी उठली अन् लगबगीनं घराकडे गेली. बायका वळून पाहू लागल्या.

"भजन सुरू अन् हे उठली," एक जण कुजबुजली.

"उठू दे," मी म्हटलं. "तिले तिकडंच देव पावून राह्यला."

सुरभी परत आली ती हसत. बसली अन् कमरेच्या बटव्यातून लोहाची गोळी काढली. मी पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात विमलनं आपला तांब्या सरकवला, माझ्याकडे न बघता.