शून्य पौंडांचे सहा तास

ग्लेनिस ॲक्रॉइडचं नाव चहा करण्याच्या पाळीत लागलं ते निव्वळ भिडेपोटी. हॅलिफॅक्सच्या एका पंपाच्या कारखान्याला ती सहा वर्षं तासाच्या हिशेबाने पंपांचे नकाशे काढून देत होती. ती तिथली नोकर नव्हती, स्वतंत्र कंत्राटदार होती. पण रोज दुसऱ्याच्या हातचा चहा फुकट प्यायचा म्हणजे जिवावर यायचं. शेवटी भिंतीवरच्या कागदावर तिनेच लिहिलं, ‘गुरुवार – ग्लेनिस’.

आता तोच कागद कर-अधिकारी थ्वेट यांच्या टेबलावर होता.

“नोकरांसारखी पाळी लावता आणि कर मात्र कंत्राटदाराचा भरता?”

ती नोकर ठरली, तर सहा वर्षांच्या कराचा फरक भरायला राहतं घर विकावं लागणार होतं.

“अहो साहेब, सहा वर्षं चहा ढोसायचा आणि एकदाही किटली लावायची नाही? आमच्याकडे त्याला निर्लज्जपणा म्हणतात!”

थ्वेट हसले, पण पेन काही खाली ठेवलं नाही. “कंत्राटदार तोटाही सोसतो, बाई. तुम्ही काय सोसता? तास भरले की पैसे.”

ग्लेनिसच्या शेजारी बसलेला तिचा नवरा विल्फ बिस्किटांच्या डब्यातली जुनी बिलं उपसायला लागला. त्यातलं एक त्याला पाठ होतं, कारण त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. “पैसे घ्यायचे नाहीत तर लिहायचं कशाला? प्रामाणिकपणा काय पावाला लावून खायचा?” असं तो तेव्हा ओरडला होता. ती म्हणाली होती, “झाले ते तास लिहिते.”

विल्फने पुढे केलेलं ते बिल थ्वेटनी वाचलं. ‘झडपेचा नकाशा पुन्हा काढला. चूक माझी. सहा तास. शून्य पौंड.’

“हे कधी केलंत?”

“रविवारी. घरी बसून.”

“नोकर असतात तर हे सहा तास पगारात धरले गेले असते.” त्यांनी चहाचा कागद बाजूला सारला. “मी ‘कंत्राटदार’ असाच शेरा देतो. वरच्यांची सही व्हायचीय, पण माझा शेरा सहसा फिरत नाही.”

घरी आल्यावर विल्फ थेट स्वयंपाकघरात गेला. त्याने पाव कापला, जाड लोणी फासलं आणि ताटली तिच्यापुढे सरकवली.

“घे. तुझा प्रामाणिकपणा.”