अर्धा सूर खाली

मूळ पट्टी

गाण्याच्या शेवटी एक वरची जागा होती. तरुणपणी भाऊजी तिथे चढले की पुढच्या रांगेतली माणसं खुर्चीसकट मागे सरकायची आणि मागच्या रांगेतली पुढे यायची. बँडचं नाव लोक विसरले असतील, ती जागा विसरलेले नाहीत, असं भाऊजी म्हणत. रॉक मेलेलं नाही, नुसतं पडून आहे. एक गळा उभा राहिला की उठेल. कोणाचा गळा, हे ते सांगत नसत. गरजच नव्हती.

दिवसा ते गाडी चालवायला शिकवायचे. शेजारच्या घाबरलेल्या माणसाला क्लच हळू सोड म्हणता म्हणता रॉकचं कुठे बिनसलं तेही समजावायचे. पोरं अंगठ्याने फोनवर गाणी करतात. ड्रमवाल्याला घाम येत नाही. गाणं ऐकून शेजारी भांडायला येत नाहीत. तो बिचारा भर चौकात गाडी बंद पाडायचा.

भाऊजी ताईचे यजमान, म्हणून ताईचा भाऊ त्यांचा मेहुणा. पण बँडमध्ये सगळेच त्याला मेहुणा म्हणत, ज्यांच्याशी त्याचं काही नातं नव्हतं तेसुद्धा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि तो बेस वाजवायचा. गिटारवर सर, शाळेत गणित शिकवणारे. ड्रमवर गादीवाला. सराव त्याच्याच गोदामात. भिंतींना गाद्या उभ्या लावलेल्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. बाहेर कोणी ऐकायला उभं होतं अशातलाही भाग नव्हता.

अर्धा सूर खाली

एका आजारपणानंतर भाऊजींचा आवाज वरच्या जागेवर फाटला. पुढच्या सरावालाही फाटला. ते घरी गेले आणि गप्प झाले.

ताई मेहुण्याच्या दुकानात आली. काउंटरवरच्या रिकाम्या फ्रेमा उगीच सरळ करत राहिली.

"जेवतात, झोपतात, कामाला जातात," ती म्हणाली. "पण घरात कोणी नाहीच असं वाटतं. तू काहीतरी कर."

त्याने केलं ते एवढंच: भाऊजी यायच्या आधी त्याने आणि सरांनी खुंट्या फिरवून सगळ्या तारा अर्धा सूर उतरवल्या. भाऊजी आले, गायले, वरची जागा लागली. घसा सुटला एकदाचा, म्हणाले. त्या आठवड्यात ताईचा फोन आला नाही, म्हणजे घरात कोणीतरी होतं.

एक सूर खाली

काही वर्षांनी तारा आणखी अर्धा सूर उतरल्या, त्याबद्दल बोलणंही झालं नाही. भाऊजी गाताना खाकरले, सरांनी मेहुण्याकडे पाहिलं. झालं.

दीड

इथे येईपर्यंत भाऊजींना वाटायला लागलं होतं की बँड पूर्वीपेक्षा भारदस्त वाजतो. जड वाजतंय की नाही, ते विचारायचे, आणि गादीवाला मान डोलवायचा. मेहुण्याची जाड तार इतकी सैल झाली होती की छेडली की हलताना डोळ्यांना दिसायची.

एव्हाना ते गुपितही राहिलं नव्हतं. गुपित आठवणीत ठेवावं लागतं. मेहुणा, सर आणि गादीवाला, ह्या तिघांच्या कानांना दीड सूर खालचंच गाणं खरं वाटत होतं, आणि त्याच्या वर कधीकाळी दुसरं एक होतं हे ते चक्क विसरून गेले.

म्हणून चूक झाली.

मूळ पट्टी, पुन्हा

एका सभागृहाने गाण्यांची संध्याकाळ ठेवली. जुने बँड, आणि प्रत्येकासोबत एक नवा आवाज. भाऊजींच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी बूटसुद्धा नवे घेतले. आता कळेल लोकांना, असं ताईला इतक्यांदा म्हणाले की तिने शेवटी कानात कापूस घालीन अशी धमकी दिली, आणि हसली.

गादीवाल्याची पुतणी गायची, गिटारही वाजवायची. तीच सोबत, असं ठरलं. गादीवाल्याने तिला बँडची जुनी कॅसेट दिली. आपल्या तारा उतरवलेल्या आहेत हे पोरीला सांगायला हवं, असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ती आली, गिटार जोडली, गाणं सुरू झालं. दोन माणसं एकाच दारातून एकाच वेळी शिरायला बघतात तसं वाजलं.

"काका, तुमचं सगळं उतरलंय," ती भाऊजींना म्हणाली. "दीड सूर."

भाऊजी हसले. तुझंच चढलंय, म्हणाले.

तिने कॅसेट लावली. गाद्यांच्या मधोमध तरुण भाऊजी गायला लागले. तिच्या पट्टीत. गादीवाला घाईने म्हणाला की मशीन जुनं आहे, जोरात पळतं. सरांनी मान खाली घातली. भाऊजींचं आयुष्य शेजारच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा वाचण्यात गेलेलं, कोण आता चुकीच्या ठिकाणी ब्रेक दाबणार ते त्यांना आधी कळायचं. ते मेहुण्याकडे वळले.

"कधीपासून?"

मेहुण्याने सांगितलं. आजारपण, ताई, खुंट्या. ताईचं नाव घ्यायला नको होतं, हे ते घेऊन झाल्यावर लक्षात आलं.

भाऊजी ओरडले नाहीत. तारा चढवा, एवढंच म्हणाले.

चढवल्या. गाणं सुरू झालं. वरच्या जागेवर भाऊजींचा आवाज फाटलासुद्धा नाही, नुसती हवा आली. पुन्हा गायले. पुन्हा हवा. मग त्यांनी माइक पोरीच्या हातात दिला.

ती गायली. आपल्याच घरचा जिना चढावा तशी त्या जागेवर गेली, तिथे उभी राहिली, सावकाश उतरली. भाऊजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मेहुण्याने त्यांच्या तरुणपणीही पाहिलं नव्हतं.

"हिच्याकडे आहे," ते म्हणाले. "मी नसलो तरी चालेल. हिच्याकडून उठेल."

तिने गिटारची वायर काढली, नीट गुंडाळली. त्या संध्याकाळपुरतं गाईन, म्हणाली, पुढे नको. घरी ती माइकला ओठ लावून हळू गाते, शेजारच्या खोलीतल्या आईलाही ऐकू जात नाही इतकं हळू. तेच तिला आवडतं.

"पण तुला येतं की," भाऊजी म्हणाले.

"येतं ना, काका. पण ओरडावं असं मला काही वाटतच नाही."

हे तिने इतक्या प्रेमाने सांगितलं की कोणाला रागावता येईना. मग ती सगळ्यांना येते म्हणून गेली.

मेहुण्याने डावा हात मांडीखाली दाबून धरला होता. मघा सगळे गळ्याकडे बघत असताना त्याची बोटं ताणलेल्या तारेवर टिकली नव्हती. मधला पळता तुकडा त्याने अर्धा सोडून दिला होता. सरांनीही सोडला होता, त्याने ऐकलं होतं. इतकी वर्षं दोघं भाऊजींसाठी म्हणून खुंट्या फिरवत आले, आणि बोटं आपापली सोय बघत राहिली.

"उतरवा," भाऊजी म्हणाले.

किती, मेहुण्याने विचारलं.

भाऊजींनी त्याच्या मांडीकडे पाहिलं. मग दुसरीकडे, उभ्या गाद्यांकडे.

"तुझी बोटं दुखणार नाहीत इतकं."

सर थांबले नव्हते. त्यांनी केव्हाच खुंट्या फिरवायला घेतल्या होत्या.