मुंग्यांच्या मागे

सासऱ्यांनी चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केले होते आणि एकदाही कुठल्या पडद्याला घाबरले नव्हते. हे ते स्वतःच सांगत, कुणी न विचारता. हॉलमधल्या घरच्या टीव्हीवर मात्र चार दिवस मुंग्या येत होत्या. "आज बघतो," हे रोजचं ठरलेलं.

सून व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. हातातला गेम जपानी, भुताचा, मुद्दाम जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखा दिसणारा. ओसाड घरात एकटीनं फिरायचं, बस्स. पण पहिल्याच खोलीत तिची गाळण उडाली. संपादकानं पाचची मुदत दिली होती, चुकली तर काम दुसऱ्याला जाणार होतं. तीन वाजले तशी ती लाज सोडून सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, जरा शेजारी बसता?"

ते तिच्या खोलीत येऊन ऐसपैस बसले, सत्काराला बसावं तसे.

गेमच्या पडद्यावरही मुंग्या आल्या. सुनेनं डोळे मिटले.

"अगं, घाबरतेस काय? अँटेना हललाय."

चित्र वाकडं झालं, कुणीतरी कुजबुजलं.

"कॅसेटला बुरशी. व्हीसीआरचं हेड पुसायला हवं."

असं करत त्यांनी तिला सात खोल्या पार करून दिल्या. भुताची पार अब्रू काढली. सुनेला हायसं वाटलं, आणि धास्तीही: भीतीच वाटली नाही तर लिहायचं काय, कपाळ?

शेवटी पडद्यावर प्रश्न आला, चित्र दुरुस्त करायचं का?

"थांबा बाबा, यात काहीतरी गोम आहे."

पण या प्रश्नाला 'नाही' म्हणायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी कंट्रोलर ओढून घेतला आणि बटण दाबलं.

मुंग्या गेल्या. चित्र लख्ख झालं आणि गेमनं सातही खोल्या पुन्हा दाखवल्या. प्रत्येक खोलीत एक बाई उभी होती. मघाशी जिथे मुंग्या होत्या, बरोबर तिथे. आणि दर खोलीत एकेक पाऊल जवळ.

सासऱ्यांची बोबडी वळली. त्यांनी सुनेचा हात धरला.

परीक्षण पाचला दहा कमी असताना गेलं. तिनं ते एका हातानं टाइप केलं, दुसरा त्यांनी सोडलाच नव्हता.

"काय लिहिलंस?"

"एक अनुभवी मेकॅनिक घाबरला, असं. तो तुम्ही आहात हे नाही लिहिलं."

"बरं केलंस," ते ओशाळून म्हणाले.

"आता हॉलमधला टीव्ही बघता ना?"

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं.

"राहू दे. दिसतंय तेवढं पुरे आहे."