सत्तर सेकंद, वर न बघता

कच्च्या तेलाच्या त्या डेपोत टाक्या होत्या चौदा आणि सुरक्षेचं बघणारी बाई एकच. कामगार तिला मास्तरीण म्हणत. रोज सकाळी ती गेटवर उभी राहून दोनच गोष्टी बघायची: खिशाला गॅसचा मीटर लावलाय का, आणि दाढी केलीय का. दोन दिवसांचे खुंट असले तरी मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हे सांगून ती कधी थकली नाही. ऐकणारे मात्र थकले.

सगळ्यात जास्त डोकं खायचा तो तिचा सख्खा थोरला भाऊ. बावीस वर्षं तो टाक्यांची मापं घेत होता. छतावर चढायचं, छोटं झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली टेप आत सोडायची आणि तेल कुठवर आहे ते लिहून आणायचं. मीटर सारखा किरकिरतो म्हणून तो बंद करून ठेवायचा. म्हणायचा, "माझं नाक आहे ना!" तेलातून निघणाऱ्या विषारी गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो, हे खरंच. पण गॅस वाढला की तो आधी नाकच बधिर करतो. वास थांबतो आणि माणसाला वाटतं, चला, टळलं. हे तिने त्याला घरी जेवताना शंभरदा सांगितलं होतं, आणि त्याने शंभरदा मान डोलावून भाजी वाढून घेतली होती.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो नऊ नंबरच्या टाकीवर होता. रेडिओवर त्याचा आवाज आला, "जरा वास होता. गेला आता. टेप सोडतोय."

ती खुर्चीतून उठली ती ओरडतच. "दादा, खाली ये! वास गेला नाही, तुझं नाक गेलंय!"

उत्तर आलं नाही. ती गाडी काढून, वारा येत होता त्या बाजूने टाकीपाशी पोहोचली, तेव्हा तो झाकणाजवळ आडवा पडला होता. कठड्यातून त्याचे बूट दिसत होते. दाढीवाला फोरमन तसाच जिन्याकडे धावला. तिने त्याची कॉलर धरली.

"सोडा! माणूस मरतोय वर!"

"तुम्ही गेलात तर दोन मरतील. या दाढीवर मास्क बसायचा नाही. अग्निशमनवाल्यांना बोलवा आणि इथेच थांबा."

दाढी खाजते म्हणून रोज करणारा पन्नाशीचा पंपवाला तिथेच होता. गाडीत हवेचे सिलेंडर आणि मास्क यांचे दोन संच होते; एक तिने स्वतः घेतला, दुसरा त्याच्याकडे ढकलला. सिलेंडर पाठीवर, पट्टे आवळ, मास्क लाव, तळहाताने नळी दाबून श्वास ओढ, बाहेरची हवा शिरत नाही ना बघ. फोरमन मागून ओरडत होता, "अहो, भाऊ आहे तुमचा! काय बाई आहात की दगड!" तिने मान वर केली नाही. पंपवाल्याचा एक पट्टा पिळला होता, तो सोडवून परत बांधला. मगच दोघं चढली.

वर त्यांनी संचाला जोडलेली, सिलेंडरमधून हवा देणारी जादा टोपी दादाच्या डोक्यावर चढवली, काखेत हात घालून त्याला वारा येत होता त्या बाजूला ओढलं. तेवढ्यात अग्निशमनवाले वर आले. खाली आणून ऑक्सिजन लावल्यावर त्याला पहिला खोकला आला. तो ऐकून ती तिथेच मातीत बसली.

संध्याकाळी दवाखान्यात वहिनी तिच्याशी बोलेना. फोरमनने सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. शेवटी वहिनीने विचारलंच, "ते वर पडलेले, आणि तू खाली पट्टे आवळत होतीस?"

"हो. सत्तर सेकंद. एकदाही वर बघितलं नाही. बघितलं असतं तर तशीच पळाले असते, वहिनी."

वहिनीने तोंड फिरवलं. पलंगावरून दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "अगं, तू वर पडली असतीस ना, तर मी क्षणभर थांबलो नसतो. तसाच धावत आलो असतो."

"माहितीये मला," ती म्हणाली. आता तिला रडू आवरेना. "आणि माझ्या शेजारीच पडला असतास. रोज त्या टाक्यांवर मीही चढते, दादा. मला वाचवणारा भाऊ हवाय, सोबत मरणारा नको."

दादाने नाकातली नळी सारखी केली आणि विचारलं, "ते पट्टे आधी खांद्याचे आवळायचे की कमरेचे?"

वहिनीने डोळे पुसले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. "नीट सांग गं त्यांना," ती म्हणाली. "मीही ऐकते."